पहिला फोटो शोधणाऱ्याचा

आमच्या ग्रुपचा एक नियम होता. जंगलात घरटं ज्याला पहिल्यांदा दिसेल, पहिला फोटो त्याचा. त्याने तो काढेपर्यंत बाकी कोणी कॅमेऱ्याच्या बटणाला हात लावायचा नाही, घरट्याला तर नाहीच नाही. घरटं दिसलं की शोधणाऱ्याने आपली टोपी तिथल्या तिथे जमिनीवर ठेवायची, आणि टोपीच्या पुढे कोणी पाऊल टाकायचं नाही. पूर्वी एकदा शिंपी पक्ष्याच्या घरट्यावरून दोन सभासदांची भर जंगलात हमरीतुमरी झाली होती, त्यानंतर सरांनी हा नियम केला. सर कॉलेजातून निवृत्त झालेले, ग्रुप त्यांनीच काढलेला, त्यामुळे नियमही सगळे त्यांचेच. बाकीचे मला फारसे पटायचे नाहीत, पण हा एक मनापासून आवडायचा. पुढे याच नियमाने मी सरांच्या नाकी नऊ आणले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही लालबागची खोली सोडून वसईजवळ आचोळ्यात फ्लॅट घेतला. तेव्हा बिल्डिंगच्या मागे दलदल होती आणि गॅलरीतून भारद्वाज दिसायचा. माझ्या दिराने दुबईहून एक कॅमेरा आणि लांब लेन्स पाठवली होती. नवरा त्याने वाढदिवसाचे फोटो काढायचा आणि प्रत्येक फोटोत कोणाचं तरी डोकं कापलेलं असायचं. शेवटी मी तो कॅमेरा हातात घेतला आणि परत दिला नाही. ऑफिसातल्या एका बाईने सांगितलं की वसईत पक्षी बघणाऱ्यांचा ग्रुप आहे, रविवारी तुंगारेश्वरच्या जंगलात जातात. पुढच्याच रविवारी रिक्षा करून हायवेला, सातिवलीच्या फाट्यावर जाऊन उभी राहिले. सगळे पुरुष आणि मी एकटी बाई.

पहिल्या दिवसापासून मी तिथे 'वहिनी' झाले. नक्की कोणाच्या भावाची बायको, हे मी कधी विचारलं नाही. माझा नवरा तर ग्रुपमध्ये नव्हताच, त्याला कावळा आणि कोकीळ यांतला फरक आजही सांगता येत नाही. वहिनी झाले तसं जेवणही आपोआप माझ्याकडे आलं. वसईच्या बेकरीतले पाव आणि बटाट्याची सुकी भाजी, सगळ्यांपुरती, मोठ्या कापडी पिशवीत घालून मी डोंगर चढायची. भाजी माझी आणि कौतुक सगळं पावाचं.

पण सरांचं ऋण मी नाकारणार नाही. पक्षी आधी कानाने शोधायचा, मग डोळ्याने, हे त्यांनीच शिकवलं. पानांवर पाय न वाजवता कसं चालायचं, हललेलं पान वाऱ्याने हललं की पक्ष्याने हे कसं ओळखायचं, सगळं त्यांचंच. माझ्या वडिलांनी मला शिकवलं नसेल इतकं या माणसाने शिकवलं. म्हणूनच त्यांचं ते 'घरटं साफ करणं' मला जास्त लागायचं.

घरटं साफ करणं म्हणजे आजूबाजूच्या फांद्या छाटणं. पक्षी घरटं बांधतो ते लपवून बांधतो, आणि आमच्याकडच्या रोलला भरपूर उजेड लागायचा. त्यामुळे घरट्यावरची आडवी फांदी कोयत्याने उडवायची, समोरची पानं खुडायची, ऊन थेट पिल्लांच्या चोचीत पडलं पाहिजे. हे काम काकांकडे असायचं. काका खाडीकाठच्या गावातले, घरची भातशेती, शिवाय स्टेशनजवळ हार्डवेअरचं दुकान. त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत कॅमेऱ्याच्या शेजारी कोयता कायम असायचा.

एका वर्षी असंच एका नाचण पक्ष्याचं घरटं साफ केलं. फोटो अप्रतिम आला. दर हिवाळ्यात वसईत हॉल घेऊन ग्रुपचं प्रदर्शन भरायचं, तिथे मधल्या भिंतीवर एकच मोठा फोटो लागायचा, तो मान त्या वर्षी त्याला मिळाला. पण फोटो काढल्यानंतरच्या रविवारी आम्ही परत गेलो होतो, तेव्हा ते घरटं फाटून लोंबत होतं आणि वरच्या फांदीवर टकाचोर निवांत बसला होता. उघड्यावर पडलेली पिल्लं त्याला दिसणारच होती. मी सरांना म्हटलं, हे आपल्यामुळे झालं. सर म्हणाले, "वहिनी, निसर्गात हे चालायचंच."

"निसर्गाने कोयता आणला नव्हता, सर," मी म्हटलं.

सगळे हसले. सरही हसले. पुढचं घरटंही तसंच साफ केलं.

त्याच्या पुढच्या वर्षीचा, जुलैतला एक रविवार होता. पावसाने उघडीप दिली होती, जंगल ओलंकच्च आणि अंधारं. वाटेत एक ओढा ओलांडताना मी मागे राहिले, कारण पिशवी जड होती आणि ती घ्यायला कोणी पुढे आलं नव्हतं. ओढ्याच्या पलीकडे कुड्याचं एक लहान झाड होतं. त्याचं एक पान हललं, आणि वारा तर नव्हता. मी थांबले. पानांच्या आडून एक शेपटी दिसली, मग निळं डोकं, मग त्या डोक्यावरचा काळा ठिपका. नीलमणी नर चोचीत किडा घेऊन आला होता. दोन बारीक फांद्यांच्या बेचक्यात वाटीएवढं घरटं होतं, कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेलं, आणि त्याच्या काठावर दोन उघड्या चोची. वरून कुड्याचीच एक पानांनी भरलेली फांदी अशी आली होती की घरट्यावर झाकणच.

माझ्याकडे टोपी नव्हती, मी डोक्याला ओढणी बांधायची. म्हणून जेवणाची पिशवी खाली ठेवली आणि हात वर केला.

सर परत आले, माझ्या बोटाच्या दिशेने बघितलं. "इतकी वर्षं या जंगलात फिरतोय," ते हळूच म्हणाले, "नीलमणीचं घरटं आज बघतोय." त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. मग ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, "यंदा मधली भिंत नीलमणीच्या घरट्याची. आणि खाली नाव वहिनींचं. सगळ्यांसमोर सांगतोय."

मला काय वाटलं ते लपवून काय करू? मला भयंकर आनंद झाला. त्या मधल्या भिंतीकडे मी वर्षानुवर्षं बघत आले होते. तेवढ्यात सर म्हणाले, "काका, ती वरची फांदी आधी काढा."

"थांबा," मी म्हटलं. "पहिला फोटो माझा ना?"

"अर्थात."

"मग मी काढेपर्यंत फांदीला हात लावायचा नाही."

"नाही लावणार. पण फांदी असताना तुम्हाला तरी काय मिळणार? नुसती पानं येतील."

"ते माझं मी बघते."

मी स्टँड लावला, कॅमेरा चढवला आणि डोळा लावून बसले. नर आला, मादी आली, चोची उघडल्या, मिटल्या. वाऱ्याची झुळूक आली की फांदी बाजूला व्हायची आणि क्षणभर सगळं लख्ख दिसायचं. माझं बोट बटणावर होतं. एकदा दाबलं असतं तर फोटो मिळाला असता, कदाचित बराही आला असता. पण माझा फोटो झाला की माझा नंबर संपला. मागे उभ्या असलेल्यांचा सुरू झाला असता, आणि त्याआधी काकांचा कोयता बाहेर आला असता. ती दोन पिल्लं उडेपर्यंत मला बटण दाबायचं नव्हतं, एवढंच मी ठरवलं.

थोड्या वेळाने कुजबुज सुरू झाली. एक जण म्हणाला, "वहिनी, झालं का?" मी म्हटलं, "उजेड बरोबर नाही." सर म्हणाले, "म्हणूनच तर फांदी काढायची." मी म्हटलं, "फांदीसकट बरोबर उजेड येईपर्यंत थांबते."

सर हुशार माणूस. तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं असणार. पण नियम त्यांचा होता आणि तो सगळ्यांसमोर मोडायचा तर त्यांचीच लाज गेली असती. ते दगडावर बसून राहिले. दुपार झाली. सगळ्यांचं जेवण पिशवीत, आणि पिशवी टोपीच्या जागी. तिच्या पुढे जायचं नाही आणि ती उचलायची नाही.

"वहिनी," काका पोटावरून हात फिरवत म्हणाले, "निदान भाजी तरी मागं सरकवा. तिचा काय गुन्हा हाय?"

"पिशवी हलली की नियम हलला, काका."

शेवटी सगळे उपाशी खाली उतरले आणि फाट्यावर वडापाव खाल्ला. माझ्याशी कोणी धड बोललं नाही. मी मात्र घरी येऊन ती भाजी गरम करून खाल्ली आणि ती मला फार चविष्ट लागली.

"रोल संपला?" नवऱ्याने विचारलं.

"सुरूच नाही केला."

"मग दिवसभर केलंस काय?"

"राखण."

तो हसला, पण त्या आठवड्यात दोनदा विचारून गेला, "तुझी पिल्लं कशी असतील गं?" आमच्या घरात पक्ष्यांची चौकशी त्याने पहिल्यांदा केली. मला स्वतःला ऑफिसात फाइल उघडली की घरटं दिसायचं. मधल्या दिवसांत ग्रुपमधलं कोणी गुपचूप जाऊन फांदी छाटेल का, ही भीती होती. पण सर तसं करणार नाहीत आणि कोणाला करूही देणार नाहीत, याची मला खात्री होती. भांडण त्यांच्याशीच होतं आणि विश्वासही त्यांच्यावरच.

पुढच्या रविवारी सरांनी मुंबईहून एक पाहुणा आणला होता. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, आणि लेन्स अशी की उचलायला वेगळा माणूस ठेवावा. सरांनी त्याला नीलमणी कबूल केला होता. घरट्यातली पिल्लं आता डोळे उघडून होती, पंखांची काटेरी टोकं फुटली होती. मी सगळ्यांच्या आधी पोहोचून पिशवी जागेवर ठेवली, तिच्यामागे स्टँड लावला आणि बसले.

पाहुण्याने माझ्या मागेच आपला स्टँड उभा केला. "मॅडम, जरा साइडला होता का?"

"माझा फोटो व्हायचाय."

"मग घ्या ना पटकन."

"उजेड नाही."

त्याने सरांकडे बघितलं. सरांनी खाली मान घालून नियम समजावला. पाहुणा म्हणाला, "सर, रूल तुमच्या मेंबर लोकांसाठी आहे. मी कुठे मेंबर आहे? ती एक फांदी हटवा फक्त, पाच मिनिटांचं काम आहे. मी एवढ्या लांबून आलोय यार."

सर लालबुंद झाले. मला एक क्षण वाटलं, ते पाहुण्याला झापतील. त्यांनी झापलं असतं तर मी तिथेच त्यांच्या पाया पडले असते. पण ते माझ्याकडे वळले. "वहिनी, पुरे झाला पोरखेळ. हा नियम आजपासून रद्द. काका, फांदी काढा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले, छत्री उचलली आणि त्या पाहुण्याच्या लेन्ससमोर, एका हाताच्या अंतरावर, फट्कन उघडली. माझी जुनी काळी छत्री, एक काडी मोडलेली. त्याला आता दिसत असणार ते फक्त तिचं काळं कापड.

"सर," मी म्हटलं, "नियम तुम्ही केलात, तुम्ही मोडा. छत्री माझी आहे."

काका कोयता घेऊन उभे होते. ते पिशवीपर्यंत आले, तिच्याकडे बघितलं, आणि तिथेच थांबले.

"मी नाय पुढं जायचा, सर," ते म्हणाले. "पिशवी हाय तिथं."

"काका, नियम रद्द केलाय मी."

"केला असल. पन पिशवी हायच ना." त्यांनी कोयता ओल्या मातीत खुपसला, आपली भलीमोठी छत्री काढली आणि माझ्या शेजारी येऊन उघडली. आकाश कोरडं ठणठणीत होतं. "पान्याचा काय भरोसा," काका म्हणाले.

मला हसू आवरेना. मागून आणखी एक-दोघांची खुसखुस ऐकू आली. पाहुणा स्टँड गोळा करत इंग्रजीत काहीतरी पुटपुटला आणि एकटाच खाली निघाला. सर त्याच्यामागे चार पावलं गेले, परत आले.

"वहिनी," ते अगदी शांत आवाजात म्हणाले, "पुढच्या रविवारपासून तुम्ही येऊ नका."

कान लावून जंगल ऐकायला ज्याने शिकवलं, तोच माणूस मला घरी पाठवत होता. पण तोंडातून जे निघालं ते वेगळंच होतं. "ग्रुपबरोबर नाही येणार, सर. जंगल काही ग्रुपचं नाही."

सगळे निघून गेल्यावर काका कोयता उपटत होते. मी त्यांना विचारलं, "तुम्ही का थांबलात?" मला वाटलं होतं, पिल्लांबद्दल काहीतरी म्हणतील.

"इतकी वर्सं मी फांद्या तोडतो, वहिनी. माजा एक तरी फोटो लावला का त्या भिंतीवर?" ते म्हणाले. "ते जाऊ द्या. आता तरी भाजी काडा."

आम्ही दोघांनी दगडावर बसून पोटभर खाल्लं.

तिसऱ्या रविवारी मी एकटी गेले. नवरा "येऊ का" म्हणाला, मी नको म्हटलं, त्याच्या चपला जंगलभर वाजतात. ओढ्यापाशी पोहोचले आणि लांबूनच घरट्याकडे बघितलं. फांदी जागेवर होती. झाकण तसंच होतं. आणि खाली घरटं रिकामं.

मी तिथेच मटकन बसले. टकाचोर कुठे ओरडतोय का ते ऐकू लागले. काय मिळवलं मी? फोटो नाही, ग्रुप नाही, सर नाहीत, आणि पिल्लंही नाहीत. सर म्हणतील, बघा, फांदी न काढताही तेच झालं, निसर्गात हे चालायचंच. त्यांचं ते वाक्य आठवून मला इतका राग आला की मी मोठ्याने "नाही" म्हणाले, एकटीच, त्या रिकाम्या जंगलात.

आणि मग सरांनी शिकवलं होतं तसं डोळे मिटून नुसतं ऐकलं. ओढ्याच्या वरच्या बाजूला बारीक चिकचिक चालली होती. डोळे उघडले. आडव्या फांदीवर, अगदी चिकटून, दोन फुगीर गोळे बसले होते, शेपटीच्या जागी नुसती खुंटं. नर आला, एकाच्या तोंडात काहीतरी कोंबलं, उडाला. दुसऱ्याने त्याच्यामागे पंख मारले, तोल जाऊन खालच्या फांदीवर पडलं, आणि तिथून उडालं. वेडंवाकडं का होईना, पण उडालं. पाठोपाठ पहिलंही.

मी रडले. तिथे मला वहिनी म्हणणारं कोणी नव्हतं, त्यामुळे पोटभर रडता आलं.

मग नाक पुसून स्टँड लावला आणि घरट्याचा फोटो काढला. फांदीसकट, पानांसकट, रिकाम्या घरट्याचा. पहिला फोटो माझा होता आणि तो मी काढला. नंतर पिल्लांचेही काढले, पण उजेड इतका कमी होता की ते सगळे हलले. स्टेशनजवळच्या स्टुडिओवाल्याने प्रिंट देताना विचारलं, "रोल खराब होता का, मॅडम?"

हिवाळ्यात प्रदर्शन आलं. घरट्याचा फोटो मी मोठा करून फ्रेम करून घेतला आणि सकाळी हॉल उघडल्या उघडल्या घेऊन गेले. काकांनी दुकानातून हातोडी आणि खिळा आणला होता. मधली भिंत अजून मोकळी होती. सर दुसऱ्या टोकाला फोटोंचा क्रम लावत होते. हातोडीचा आवाज ऐकून ते आले.

"हे काय?"

"नीलमणीचं घरटं," मी म्हटलं. "मधली भिंत तुम्ही सगळ्यांसमोर कबूल केली होती. खाली नावही माझं, वहिनी नाही, पूर्ण नाव. ते मी घरूनच लिहून आणलंय."

त्यांनी फोटो बघितला. खूप वेळ बघितला. पाठीमागे हात बांधून उभे होते, चेहऱ्यावरून काही कळेना. मला वाटलं, आता काढायला सांगतील, आणि काढायला सांगितलं तर काय करायचं हे मी ठरवूनच आले होते. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. सर मात्र परत आपल्या कामाला गेले.

दिवसभर लोक येत राहिले. बाजारातून परस्पर आलेली एक बाई, हातात मेथीच्या जुड्या, मधल्या भिंतीपाशी थांबली. जवळ गेली, मागे सरकली, मान वाकडी करून बघितलं. मग शेजारी उभ्या असलेल्या सरांना तिने विचारलं, "अहो, यात पक्षी कुठे आहे?"

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"उडाला," ते म्हणाले.

"दोन होती, सर," मी भिंतीपासून म्हटलं. "दोन्ही उडाली."